डाव्या भिंतीवरची ट्यूब

वडगाव रासाई,
३ फेब्रुवारी १९९९

चि. आरिफ यास निलोफरआपाचे आशीर्वाद, वि. वि.

शिवणाच्या नव्या खोलीचा स्लॅब पंधरा तारखेला पडतोय. हौसराव मिस्त्री म्हणतात, लाइटीचं आधीच सांगा, मागनं पाइप हलायचा न्हाई. अख्ख्या रेल्वे कॉलनीची लाइट सांभाळणारा भाऊ, आणि बहीण अंधारात शिवते! मालनबाईनं लेकीच्या लग्नाची बारा झंपरं टाकलीत. पहिलंच परत आलं, तुरपाई वाकडी म्हणून. सतरा वर्षांत असं झालं नव्हतं. बल्ब मोठा लावला तरी माझ्याच डोक्याची सावली कापडावर. हे काम गेलं तर माझ्या सुमैयाला, पोरीला, कशावर शिकवू? थकले रे. लवकर लिही.

तुझी आपा

दौंड,
८ फेब्रुवारी

ती. आपास आरिफचा सलाम, वि. वि.

माणसं कमी, रजा मिळत नाही, मीही पार गळून गेलोय. म्हणून कागदावरच येतो. आपा, बल्ब मोठा करून भागत नाही. उजेड कुठून येतो ते बघायचं. खिडकीकडं तोंड करून बस. ट्यूब डाव्या भिंतीवर, जरा पुढं घे, म्हणजे हाताची सावली सुईवर येत नाही. आम्हाला पहिलं हेच शिकवतात. आणि तुझा लाडका हिरवा रंग नको. पांढरा चुना दे, भिंतही उजेड देते. मागं नकाशा काढलाय, हौसरावांना दाखव. सुमैयाला दुवा.

तुझा आरिफ

वडगाव रासाई,
५ एप्रिल

चि. आरिफ यास आशीर्वाद, वि. वि.

ट्यूब लागली. खोली दिवसासारखी दिसते म्हणतात सगळे. पण सुईवर सावली पडतेच. मी डावखुरी आहे रे. अब्बांनी मारून जेवायचा हात बदलला, सुईचा राहिला. नकाशा बघितला तेव्हाच मनात आलं होतं. पण तू शिकलेला. वाटलं, आपलंच धरणं चुकत असेल. पंधरा दिवस उजव्या हातानं तुरपाई शिकतेय. बोटं टोचून घेतली, टाका जमत नाही. तोंड फिरवून बसावं तर खिडकी पाठीशी येते. मालनबाई रोज निरोप धाडते. तुला लागेल म्हणून लिहिणार नव्हते. राग धरू नकोस.

तुझी आपा

दौंड,
८ एप्रिल

ती. आपास सलाम, वि. वि.

पत्र वाचलं आणि ताट सारून लिहायला बसलो. कॉलनीत परक्याच्या घरीसुद्धा आधी विचारतो, इथं कोण बसतं, काय काम करतं. तुला विचारलं नाही. वाटलं, आपाचं मला सगळं ठाऊक आहे. रविवारी पहिल्या एसटीनं येतो. भिंतीवरून वायरीची उघडी पट्टी मारून ट्यूब उजव्या अंगाला घेतो; वाईट दिसेल, दिसू दे. मालनबाईला मी स्वतः सांगेन, चूक माझी होती. चुकल्या भावावर लोभ असू दे. आणि मी येईपर्यंत सुई डाव्याच हातात धर.

तुझा आरिफ