बाबांच्या पलंगावरचा ध्वज

ता. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू अंत्यविधी आटोपून गेलास आणि इथे नवाच घोळ सुरू झाला. बाबांच्या शवपेटीवरचा ध्वज सैन्याच्या लोकांनी घडी करून आईच्या हातात दिला होता ना, तो तिने बाबांच्या पलंगावर अंथरलाय. कडा गादीखाली खोचते, सुरकुत्या हाताने सारख्या करते. काल बाबांचे पलटणीतले मित्र भेटायला आले, ते बघून चहा न घेताच उठून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्या कचेरीतलं झेंडावंदन तूच सांभाळतोस, तेव्हा काय करू ते सांग.

लोभ आहेच, तो जरा लवकर उत्तर धाडून दाखव.

तुझी,
चिंगी

ता. ११ जून

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकंच फिरलं. ध्वज म्हणजे काय चादर आहे? तो अंथरायचा नसतो, पांघरायचा नसतो, जमिनीला तर लागताच कामा नये! ताबडतोब घडी घालून ठेव. काचेची पेटी पाठवतोय. आईला तू फार डोक्यावर बसवलंयस, जरा समजावून सांग. मला इतक्यात रजा मिळणं कठीण आहे.

आईला नमस्कार. तुझ्यावर राग आहे, पण लोभ त्याहून जास्त.

तुझा,
दादा

ता. १९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पेटी मिळाली. काच शाबूत आहे, माझं डोकं नाही. आई अंघोळीला गेलेली बघून मी ध्वज उचलला. केवढा मोठा तो! माझे हात पुरेनात, एक टोक घसरून जमिनीला लागलं. नेमकी आई दारात. बाबांना पाडलंस, म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, धड जेवतही नाही.

शेवटी मी बाबांच्या मित्रांना गाठलं. ते चिडले नव्हतेच रे, त्यांना रडू आवरेना म्हणून उठले होते. एवढ्या मोठ्या ध्वजाची घडी एकट्याने घालायचीच नसते, म्हणाले. दोन बाजूंनी दोघांनी धरायचा. मग तुम्हीच या म्हटलं, तर आई त्यांना हात लावू देईना. घरचंच माणूस हवं म्हणे. तिचे स्वतःचे हात थरथरतात. उरले मी एकटी.

दादा, सगळे नियम तुला तोंडपाठ, मग हाच कसा विसरलास? मला वैताग आलाय तुझ्या पत्रांचा आणि त्या पेटीचाही. आई बाबांच्या मित्रांजवळ म्हणाली, दोन्ही मुलांनी मिळून उचललं तरच ती बाबांना पलंगावरून उठू देईल.

लोभ असू दे, असं या वेळी लिहीत नाही. तू ये.

तुझी,
चिंगी