ओढ्याच्या पाण्याचा बोभाटा

मु. वायरापाम्पा

माझ्या थोरल्या कन्येचे धर्मपिता, म्हणून माझे कोम्पाद्रे, व बालमित्र श्रीयुत अनातोलियो यांस मेलितोन कुसी याचा आदरपूर्वक नमस्कार पोहोचावा. आपली कंबर लिमाच्या दमट हवेत कशी आहे? येथे माझा गुडघा वगळता सर्व क्षेम आहे. बटाटा बरा आला. आपण पाचवीत गेलात आणि मी चौथीत थांबलो, तरी पत्र प्रथम माझेच जाते, हे सहज नमूद करतो.

आपल्या गावचा झरा गेली काही वर्षे आटत चालला होता, हे आपणास विदित आहेच. (तुमच्या काकांनी हौसेने लावलेली निलगिरीची झाडे किती पाणी पितात, याविषयी मी मृतांचा मान राखून काही लिहीत नाही.) गावाने श्रमदान करून ती झाडे तोडली, वरचे पावसाचे तळे चिकणमातीने पुन्हा बांधून काढले, झऱ्याभोवती पाणी धरणाऱ्या पुताकाची रोपे लावली आणि मेंढरांना अटकाव म्हणून दगडी गडगा घातला. पाण्यावर देखरेख ठेवण्यास स्वयंसेवक हवा होता. मी नकार देण्यापूर्वीच माझी निवड झाली, म्हणजे मी नकार देण्यास थोडा अवधी घेतला. तेव्हापासून रोज सकाळी उजव्या हातात चांदीच्या मुठीची मानाची काठी आणि डाव्या हातात पाणी मोजायची खुणांची काठी घेऊन मी झऱ्यावर उभा असतो. लोक लांबून पाहून हसतात, परंतु टोपी काढूनच हसतात.

एवढे झाल्यावर वडीलधाऱ्या बायकांनी सांगितले की वरच्या काळ्या तलावाचे पाणी आणून ओतल्याखेरीज झरा मनावर घेणार नाही. नियम आपणास ठाऊक आहेत: मडके एकट्याने आणायचे, खाली टेकवायचे नाही, मागे पाहायचे नाही आणि ओतेपर्यंत अवाक्षर काढायचे नाही. गेल्या खेपेस, आपणा दोघांना मिसरूड फुटत होती तेव्हा, हा मान आपणास मिळाला होता. या खेपेस मला मिळाला. तलावाला मक्याची आंबवलेली चिचा अर्पण करून मी मडके भरले आणि निघालो. खाली झऱ्यावर सारा गाव, हार्प आणि व्हायोलिन माझी वाट पाहत होते.

वळणावर आपल्या भगिनी फेलीसितासबाई मेंढ्या घेऊन बसल्या होत्या. (गडग्याच्या आत मी त्यांच्या मेंढ्या येऊ देत नाही, म्हणून त्या माझ्यावर रुष्ट आहेत.) नियम त्यांनाही पाठ आहेत. तरी त्यांनी मला नमस्कार केला. ज्याने आयुष्यात कोणाचा नमस्कार परत केल्यावाचून ठेवला नाही, त्याच्या जिवाचे काय झाले असेल, आपण कल्पना करावी. त्यांनी गुडघ्याची चौकशी केली, मी गप्प. कोकाची पाने पुढे केली, मी गप्प. मग माझ्यासोबत चालत त्या म्हणाल्या, "तायता मेलितोन, आमच्या अनातोलियोनं हेच मडकं नाचवत आणलं होतं. तुमच्यासारखा भात्यागत फुसफुसत नव्हता तो."

कोम्पाद्रे, मनुष्य किती सोसणार? मी म्हणालो, "बाई, आपला अनातोलियो तलावावर गेलाच नव्हता. त्याने ते चर्चमागच्या ओढ्यात भरले आणि दुपारभर आमच्या गोठ्यात झोपला."

त्या एवढ्या हसल्या की मेंढ्या उधळल्या. मी झऱ्यावर पोहोचण्यापूर्वी बातमी पोहोचली होती आणि हार्प थांबला होता. माझे पाणी बोलण्याने बाटले, आपले तर मुळातच ओढ्याचे. सभा बसली. काहींचे म्हणणे पडले की ओढ्याच्या पाण्यावर झरा इतकी वर्षे वाहिला, मग तलाव हवा कशाला? बायका म्हणाल्या, फसवला गेला म्हणूनच रुसला. मला शिक्षा अशी, की पुताका मूळ धरेपर्यंत फेलीसितासबाईंच्या मेंढ्या मी राखाव्यात. राखतो आहे. काठ्या दोन आहेतच.

आपला आज्ञाधारक,
मेलितोन कुसी

ता. क. आपली शिक्षा लिहायची राहिली. ऑगस्टात धरणी नैवेद्य घेण्यास तोंड उघडते, तेव्हा मडके आपण स्वतः आणावयाचे आहे. गावाने सही केली, मीही केली. बूट मजबूत आणावेत.

आणखी ता. क. खुणांच्या काठीवर पाणी चार बोटे चढलेले दिसते. मला कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही. याला असत्य म्हणत नाहीत. सांगितले तर मडक्याची गरज उरणार नाही व आपणास माफी मिळेल, आणि येथे आपल्या भगिनीचे टोमणे मी एकट्याने ऐकावे, हे न्यायाला धरून नाही.

दादा, मी फेली. पत्र बसवर द्यायला माझ्याकडे दिलंय, पाकीट चिकटवायचं राहिलं त्यांचं. पाणी चढलंय ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे, मेंढ्यांनासुद्धा; त्यांना मोजायची काठी लागत नाही. त्यांनी सांगितलं नाही म्हणून आम्हीही गप्प आहोत. तू येच. पंधरा वर्षं झाली तुला बघून. मडकं मी लहान निवडलंय. तलावापर्यंत तुझ्या मागून येणार आहे, आणि एक शब्द बोलणार नाही.