माडीवरची खोली

लीड्स, १२ नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप आईस,

इतक्या दुरून तुझ्या पायांवर डोके ठेवते.

खोली अखेर मिळाली. बरोबर लेकरू आहे म्हटले की घरमालक नाही म्हणायचे. या बाईंनी माडीवरची खोली दिली, आवाज होऊ द्यायचा नाही या अटीवर. ही गेली तर माझे शिक्षणही सुटेल.

जमीन लाकडी आहे, पाऊल खाली ऐकू जाते. म्हणून रंजूच्या पायांतले तू दिलेले पैंजण काढून ठेवले, रागावू नकोस. ती आता चवड्यांवर चालते. तिच्या दंग्याने तुझे डोके उठायचे ना? इथे मालकीणबाई तिचे कौतुक करतात.

तुझा गुडघा कसा आहे?

काल तिला म्हटले, परीक्षा झाली की निघोज्याला आजीकडे जाऊ. तिने कानाशी येऊन हळूच विचारले, "आजीच्या घराखाली कोण राहतं?"

तुझी लेक,
शैला