रजनीच्या जास्वंदीवरचे पांढरे ठिपके

सिल्वासा, रविवार

प्रिय सारंग,

अनेक आशीर्वाद. ज्यांच्या हातात घरची झारी दिली जाते पण ज्यांच्यावर घराचा विश्वास कधीच बसत नाही, अशा तमाम बंधूंनो (म्हणजे तू आणि मी, सभेची सवय जात नाही, समजून घे), आपल्या दोघांवरचा हा अन्याय जुना आहे. तुझी बहीण आठ दिवस बाहेर गेली तरी जाताना कुंड्यांना सांगून जाते, मला नाही. तुझ्या घरी मेधा तेच करते. आपण दोघं मिळून शंभर-दीडशे सभा गाजवल्या असतील (त्यातल्या बहुतेक मी), पण एका तुळशीने कधी आपल्याला मत दिलेलं नाही.

तुझी कंबर आता कशी आहे? मेधाचं पित्त शांत झालं का? माझा गुडघा जिना चढताना बोलतो आणि उतरताना गप्प असतो. मी मात्र दोन्ही वेळा बोलतो, असं रजनी म्हणते. आमच्या लेकीचं, शर्वरीचं बाळ छान आहे. रजनी पुण्याला बाळाच्या दिमतीला आहे आणि अजून बारा दिवस राहणार आहे. हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर कुरियरने पाठवतोय, कारण तुझा फोन मेधा वाचते आणि मेधाने वाचलेलं रजनीला कळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. वाचून झाल्यावर फाडून टाक.

तर झालं असं. जाताना रजनीने फ्रिजवर एक कागद लावला. त्यात अकरा कुंड्यांची नावं आणि प्रत्येकीपुढे किती तांबे पाणी ते लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत, दोनदा अधोरेखित करून, 'जास्वंद : एक तांबा. बाकी काहीही करायचं नाही.' ही जास्वंद कुठली ते तुला सांगायला नको. तुमच्या नाशिकच्या, सातपूरच्या घरामागची, आईंची. घर पाडायच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघा बहीणभावांनी एकेक फांदी कापून नेली. आता तिथे इमारतीच्या गाड्या उभ्या राहतात. त्या झाडाचं जे काही जगात उरलं आहे ते माझ्या बाल्कनीत आहे (आणि तुझ्या, त्याबद्दल खाली बोलू). आई गेल्या त्या वर्षी रजनी फार रडली नाही, पण या कुंडीला पहिली कळी आली तेव्हा तिने मला ऑफिसातून बोलावून घेतलं होतं. मी मीटिंग सोडून आलो होतो, आणि मीटिंग मी सहसा सोडत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मला जास्वंदीच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले. बारीक, शिंतोड्यांसारखे, काही एकमेकांत मिसळलेले. दुसरा कोणी असता तर त्याने बोट ओलं करून पान पुसून पाहिलं असतं. मी विचार केला. मी बत्तीस वर्षं मसाटच्या कारखान्यात खरेदी विभागात काढली आहेत, तिथली कोणती चिमणी किती वाजता काय ओकते हे मला पाठ आहे. वाचनही भरपूर आहे, औद्योगिक प्रदूषणावर तर फारच. पाच मिनिटांत माझं निदान (मसाटच्या चिमण्यांची धूळ) तयार होतं आणि दहा मिनिटांत निवेदनाचा मसुदा. संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर मी पाऊण तास बोललो. 'आज हे ठिपके जास्वंदीच्या पानावर आहेत, उद्या ते आपल्या नातवंडांच्या फुप्फुसांवर असतील,' या वाक्याला खालच्या मजल्यावरची रोहिणी डोळे पुसताना मी पाहिली (तिला धुळीची अ‍ॅलर्जी आहे हे मला नंतर कळलं). त्रेचाळीस सह्या झाल्या. पान मात्र अजून कोणीच पुसून पाहिलं नव्हतं.

खोडा घातला तो शेजारच्या गौरवने. हा पोरगा दादऱ्याच्या एका कंपनीत क्वालिटीचा मॅनेजर आहे, कोल्हापूरचा, हुशार, पण पुराव्याशिवाय जांभईसुद्धा देत नाही. त्याची बाल्कनी आमच्या बाल्कनीला लागून. त्याने येऊन कुंडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "काका, अकरा कुंड्यांत डाग एकाच कुंडीवर. तेही घराकडच्या बाजूनं. मसाट तर तिकडं आहे." मी म्हणालो, वारा भिंतीला आपटून परत फिरतो. तो म्हणाला, "आणि परत फिरताना मोगरा चुकवतो?" मग त्याने कागद काढून, कारखान्यात मूळ कारण शोधायला करतात तसं, पाच वेळा 'का' विचारायला सुरुवात केली. डाग का, धूळ का, धूळ इथेच का. पाचव्या 'का'ला आम्ही 'व्यवस्थापनाची इच्छाशक्ती नाही' इथे पोचलो. तो म्हणाला, आमच्याकडेही दर वेळी हेच निघतं, आणि चहा पिऊन गेला.

शेवटी फोनमध्ये फोटो काढून दादऱ्याला वनगंगा तलावाजवळच्या नर्सरीत गेलो. तिथला माळी फोटो बघेना. "अंकल, फोटो में सब बीमारी सफेद ही दिखती है. पत्ता लाना था." तरी त्याने समजावलं. पानाखाली, देठाच्या बगलेत कापसासारखे पुंजके असले आणि मुंग्या फिरत असल्या तर तो पिठ्या ढेकूण. कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी. पिठी भुरभुरल्यासारखं असलं आणि पुसून परत येत असलं तर भुरी. पातळ ताक फवारायचं. खडूसारखं कोरडं असलं तर बोअरच्या पाण्यातला क्षार. व्हिनेगरच्या पाण्याने पुसलं की गेला. आधी ओळखा, मग एकच औषध करा, आणि तेल फवाराल तर ऊन उतरल्यावर, एवढं त्याने दोनदा बजावलं.

सारंग, मी आयुष्यभर अर्धवट उपायांच्या विरोधात बोललो आहे. घरी येऊन मी तिन्ही केले. दुपारी बारा वाजता, ओळीने, पूर्ण ताकदीने. आधी व्हिनेगर, मग ताक, मग तेल. संध्याकाळपर्यंत जास्वंद फोडणीत टाकून विसरलेल्या कढीपत्त्यासारखी दिसू लागली. दुसऱ्या दिवसापासून पानं गळायला लागली. काल सकाळी मोजली, सात उरली होती. आणि आता नीट ऐक : त्या सात पानांवर पुन्हा ताजे पांढरे ठिपके होते.

त्या वेळी सरुबाई फरशी पुसत होती. ही शहाद्याकडची, नवरा सुकदेव मसाटला सूत कारखान्यात, दोघं दहा वर्षं इथेच. ती उठली, एक पान नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"भाऊ, जास्वंदीला पुदिन्याचा वास कधीपासून येऊन राहिला?"

मी म्हणालो, ताकात असेल. ती म्हणाली, "ताक परवाचं. हे आजचं. तुम्ही रोज सकाळी तोंडात ब्रश घालून इथं उभं राहून त्या गौरवदादाला भाषण देऊन राहिले. तो फेस जाईल कुठं मग?" मग मी पहिल्यांदाच स्वतः पान हुंगून पाहिलं (तारीख लिहून ठेव). ती पुन्हा वाकून फरशी पुसू लागली आणि फरशीलाच म्हणाली, "ताई असल्या की भाऊंना बेसिनपाशीच उभं करतात. उगाच नाही करत."

खरं आहे ते. चौतीस वर्षांत मला बाल्कनीत दात घासायची परवानगी नव्हती. रजनी गेल्यापासून मी रोज साडेसहाला ब्रश घेऊन तिथे उभा राहतो, गौरव पलीकडे योगासनं करतो, आणि मी त्याला देशाची परिस्थिती सांगतो. जास्वंद बरोबर मध्ये आहे. परवा विषय धरणांचा होता, तेव्हा ठिपके जरा मोठे पडले असावेत. ओल्या फडक्याने सरुबाईने सातही पानं पुसली. दोन मिनिटं लागली. रोग नव्हताच, जे काही झालं ते माझ्या उपचारांनी झालं. निवेदन खणात ठेवलं आहे. धुराबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, फक्त पुरावा बदलला आहे, आणि तो गोळा करेन तेव्हा आधी चूळ भरून घेईन.

पण रात्री जेवताना कुंडीकडे बघवेना. आई मला जावई म्हणून कधी फारशा बोलल्या नाहीत (मी संधी दिली नसेल), पण मी नाशिकला आलो की बशीत एक जास्वंदीचं फूल माझ्या चहाशेजारी ठेवायच्या. रजनी परत येईल आणि तिला काड्या दिसतील. काय बोलायचं ते मला सुचत नाही, आणि मला हे वाक्य याआधी कधी लिहावं लागलेलं नाही.

मेधाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कंबरेला शेक देत जा.

तुझा भाऊजी,
गजानन

ता.क. : मुद्द्याचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी तुम्ही गोव्याला गेला होतात तेव्हा तुझी फांदी वाळली आणि तू तशीच दिसणारी एक जास्वंद आणून त्याच कुंडीत लावलीस, हे तू मला शपथ घालून सांगितलं होतंस. मी शब्द पाळला आहे. दर दिवाळीला रजनी तुझ्या कुंडीसमोर उभी राहते आणि मी छताकडे बघतो. त्या नर्सरीचं नाव आणि पत्ता उलट कुरियरने कळव. उंची साधारण अडीच फूट हवी.

ता.क. दुसरा, सोमवार सकाळ : नर्सरीचं नाव नको. पाकीट चिकटवणार इतक्यात रजनीचा फोन आला. सरुबाई पहिल्या दिवसापासून तिला रोज व्हिडिओवर बाल्कनी दाखवते. ताक, तेल, गच्चीवरचं भाषण, सगळं तिला ठाऊक आहे. म्हणाली, मुळं जिवंत आहेत, पालवी येईल, तुम्ही फक्त उपाय करू नका. मग तुझ्याबद्दल म्हणाली. आईच्या फुलाच्या पाकळीला तळाशी काळसर लाल डाग असतो, तुझ्याकडच्या फुलाला तो नाही. पहिलं फूल बघितलं तेव्हाच तिला कळलं. तीन वर्षं ती वाट बघते आहे की सारंग कधी सांगेल. दर पावसाळ्यात ती तुझ्यासाठी एक फांदी आइस्क्रीमच्या डब्यात लावते. यंदाची छान फुटली आहे. डबा वॉशिंग मशीनच्या मागे आहे, जिथे मी कधीच जात नाही म्हणून. पण न मागता देणार नाही म्हणते.

तेव्हा भाषण पुरे. हे पत्र फाडायच्या आधी ताईला फोन कर, आणि ती फांदी माग. तोंडात ब्रश असेल तर आधी काढ.