दारातल्या चपला

४ जानेवारी

खोली लावून झाली. तिसरा मजला, जिन्याला कठडा एकाच बाजूने. गादी वर नेताना टेंपोवाला म्हणाला, "काका, तुम्ही नुसते खोकत या मागून, तेवढीच मदत." गाढव आहे. पण गादी नेली त्यानेच.

लोखंडी खाट मी जोडली. घरी आल्यावर वाटलं, चौथ्या पायाचा बोल्ट आवळायचा राहिला की काय. अजून वाटतंय. पडदा, एक पातेलं, तवा, एक ताट, एक वाटी, एक कप. सगळं एकेक. रस्त्यावरच्या माणसांना खोल्या देणाऱ्या आमच्या संस्थेचा नियमच तो — एका खोलीत एक माणूस. दुसरं कोणी राहताना दिसलं की खोली गेली. ऑफिसातल्या बाई किल्ली देतानाच हे सांगतात, अगदी गोड आवाजात.

गादी कोरी करकरीत! आणि मी मुलाच्या घरी पॅसेजमध्ये सतरंजीवर. ज्याला मोरीत जायचं तो मला ओलांडून जातो. लिहू नये असं. पण लिहिलं.

५ जानेवारी

बाई माणूस आलं. पन्नाशीची असेल, पुलाखाली राहायची. ऑफिसातल्या बाईंनी दारात उभं करून तिचा फोटो काढला. "हसा की. आता हे तुमचं घर."

ती हसली नाही. मला म्हणाली, "दादा, हे आतून कसं लागतं?" मी कडी दाखवली. तिने लावली, काढली, लावली, काढली. गादीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी एवढी चादर ताणून घातलेली.

९ जानेवारी

आठवड्याचा फेरा. चादर मी घातली तशीच्या तशी, सुरकुतीही नाही. मला धडकी भरली. "खाट डुगडुगते का?"

"झोपलेच नाही तिच्यावर." दाराला पाठ लावून बसून झोपते म्हणे. रात्री कोणीतरी बाहेरून दार ढकलून बघतं. "पुलाखाली आम्ही चौघीजणी होतो, दादा. एक तरी जागी असायची. इथे मी झोपले की सगळंच झोपलं."

स्वतःच्याच घरात पाहुणी. मी तिला आता मनात पाहुणीच म्हणतो.

महिनाभरात बाई येऊन बघणार. गादी न वापरलेली दिसली तर 'रुळली नाही' असा शेरा, आणि खोली पुढच्याला. मी पाहुणीवर चिडलोच. चांगली गादी मिळते आणि हिला भिंत हवी! मग जिना उतरताना वाईट वाटलं. गुडघाही दुखला.

१२ जानेवारी

सूनबाई मुलाला म्हणत होती, मला ऐकू जाईल अशा बेताने — "बाबांना लोकांची घरं लावायला बरं जमतं. आपल्याकडे साधी सतरंजी उचलायची आठवण राहत नाही." मुलगा पेपर वाचत राहिला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

संध्याकाळी मुलाने त्याचे जुने बूट मला दिले. बहुधा भरपाई. अंगठ्याला चावतात.

१३ जानेवारी

वडील कामासाठी परगावी गेले की आई त्यांचे जोडे दाराबाहेर काढून ठेवायची. आत पुरुष आहे असं वाटावं म्हणून. रात्री हे आठवलं आणि सकाळी तडक पाहुणीकडे गेलो. माझ्या जुन्या चपला नेल्या. डाव्या पायाचा अंगठा वाकडा, म्हणून त्या पट्ट्याला मी तारेचा टाका घातलाय. दिसायला भिकार, पण पुरुषाच्या आहेत हे आंधळ्यालाही कळेल.

"रात्री बाहेर, सकाळी आत," म्हणून बजावलं.

"आणि कोणी विचारलं तर?"

"म्हण, झोपलेत. उठवू का?"

पहिल्यांदाच हसली.

१८ जानेवारी

चादर चुरगळलेली! उशीला खड्डा. पाहुणीचा चेहराच बदललाय, झोपेने माणूस किती वेगळं दिसतं. चहा केला. कप मला दिला, स्वतः वाटीतून प्यायली.

"तुमच्या चपला नवऱ्यापेक्षा बऱ्या, दादा. राखण करतात, आणि हात उचलत नाहीत."

तिला नवरा होता हेही मला आजच कळलं.

२५ जानेवारी

बाई आज न सांगता पाहुणीच्या खोलीवर गेल्या, सकाळी लवकर. चपला अजून बाहेरच होत्या.

बरोबर गेलेल्या टेंपोवाल्याने ऑफिसात सगळं रंगवून सांगितलं. बाईंनी विचारलं, कोणाच्या? पाहुणी म्हणाली, राखणीला ठेवल्यात. कोणी दिल्या? तर गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. "ठेवला असेल कोणीतरी," टेंपोवाला म्हणाला आणि डोळा मारला.

मी तिथेच उभा होतो. मुलाच्या बुटांत. मूग गिळून.

२६ जानेवारी

दिवसभर विचार केला. सांगितलं तर माझं काम जाणार. काम गेलं की दिवसभर पॅसेजमध्ये, सूनबाईच्या डोळ्यांपुढे. नाही सांगितलं तर पाहुणी रस्त्यावर. करायला गेलो भलं आणि झालं हे!

उद्या सांगेन.

२७ जानेवारी

नाही सांगितलं. बाई फोनवर होत्या. फोन संपला तेव्हा मी मोरीत जाऊन बसलो होतो.

२८ जानेवारी

खोली ताब्यात घ्यायला मलाच पाठवलं. सामान मोजून घ्यायचं होतं.

पाहुणीने चादर घडी करून ठेवली होती. कप धुऊन पालथा. मी काही बोलायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "तुम्ही बोलू नका, दादा. तुमचं घर आहे. ते सांभाळा."

माझं घर! मी तेही दुरुस्त केलं नाही.

चपला तिने कागदात बांधून दिल्या. पुलाकडे गेली असेल. मी खिडकीतून पाहिलं नाही.

३० जानेवारी

तीच खोली पुन्हा लावली. नवा माणूस म्हणजे, ज्या शेठने आपल्या संस्थेला या सगळ्या खाटा दिल्या, त्याचा म्हातारा रखवालदार. नोकरीतून काढल्यावर त्याला मालकाने दिलेली जागाही सोडावी लागली. पण दोन मुलगे ट्रंक उचलायला आले होते, धाकट्याच्या हातात मोटारसायकलची किल्ली. याच्यावर रस्त्यावर राहायची वेळ कुठे आली होती?

बाईंनी या वेळी फोटो काढला नाही.

टेंपोवाला म्हणाला, "शेठ याच्या खोलीसाठी महिनाभर बाईंच्या मागे लागला होता, काका. आपल्याला काय? आपण गाद्या वाहायच्या."

रात्री जेवण गेलं नाही. सूनबाईने विचारलं, बरं वाटत नाही का. खरंच विचारलं तिने.

३१ जानेवारी

जुन्या चपला घालूनच ऑफिसात गेलो. बाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि सगळं एका दमात सांगितलं — चपला माझ्या, कल्पना माझी, ती बाई निर्दोष.

बाईंनी मान वर केली नाही. "बसा, काका. या चपला मी दोन वर्षं रोज बघतेय. त्या दिवशीही ओळखल्या होत्या. चहा सांगू?"