माझी गाडी, त्यांचे हात

६ सप्टेंबर, रविवार

अडकलो. पुन्हा! खाणीच्या चढणीवर, तिसऱ्या वळणाला, आमच्या डोंगर चढणाऱ्या गाडीवाल्यांच्या सगळ्या ग्रुपच्या देखत.

आणि वर कोण उभं? साडू. आपलं ते बावीस वर्षांचं खटारं घेऊन. वीज खात्याने लिलावात काढलेली गाडी. आली तशीच आहे – साधे टायर, साधे स्प्रिंग, एक दार आतून दोरीने बांधलेलं. ती वर पोचली. आणि जिच्यावर मी दोन वर्षं जीव टाकतोय ती माझी बया चिखलात चाकं गरगरवत बसलेली!

साडू चालत खाली आले. घाई नाही. हात मागे बांधून, प्लॉट बघायला आल्यासारखे. टायर अंगठ्याने दाबून बघितला. म्हणाले, "हवा थोडी कमी करा. आणि ॲक्सिलरेटर सोडा. तुम्ही चिडलात की चाकही चिडतं."

सगळे हसले. मीही हसलो. आठवडाभर लोकांचे दात बघतो, आज माझे दाखवले.

हवा कमी केली. गाडी चढली. तेच जास्त लागलं.

७ सप्टेंबर, सोमवार

मागच्या चाकांना लॉक बसवायचं ठरवलं. एक चाक घसरलं तरी दुसरं फिरत राहतं म्हणे. आता बघतोच.

१० सप्टेंबर, गुरुवार

जेवताना बायको म्हणाली, "भाऊजींना एकदा विचारा ना. शिकवतील. तेवीस वर्षं डोंगरातल्या टॉवरपर्यंत माणसं नि तारा पोचवतायत."

मी म्हणालो, मला गाडी येते.

"येते हो. सपाटीवर येते."

सहज म्हणाली, माहीत आहे मला. पण ताट सरकवून उठलो.

सासऱ्यांचं तर विचारायलाच नको. डोंगरावरच्या त्यांच्या घराचा पत्रा उडाला – मोठ्या जावयांना बोलवा. पंप बंद पडला – मोठ्या जावयांना बोलवा. दाढ दुखली की मग धाकटे आठवतात.

१५ सप्टेंबर, मंगळवार

लॉक बसलं. मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारून आला. दोन इंच उचललेली गाडी, दातेरी टायर, पुढे तार गुंडाळून गाडी ओढणारी विंच, छताला लावलेला तो सोंडेसारखा हवेचा नळा… म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता फक्त पंख लावायचे राहिले."

बरं वाटलं. तेवढ्यात हात पुसत विचारतो, "ते जुन्या गाडीवाले तुमचेच पाहुणे ना? काय हात आहे हो त्यांचा!"

माझ्या पैशाने, माझ्या गाडीपाशी उभा राहून!

२० सप्टेंबर, रविवार

चढलो! एका दमात. तिसरं वळण लोण्यासारखं कापलं.

कुणी बघितलं नाही. सगळे पलीकडे, साडूंभोवती. दगडांतून चाक कुठून न्यायचं ते दाखवत होते – दगडाच्या बाजूने नाही, दगडावरून. मी हॉर्न वाजवला. त्यांनी मान वर केली, हात हलवला. "छान!"

छान! चित्र काढून आणलेल्या पोराला म्हणतात तसं.

२३ सप्टेंबर, बुधवार

कुणाला सांगणार नाही, इथे लिहितो. आज दुपारच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि एकटाच खाणीवर गेलो. लॉक बंद ठेवलं. खाली उतरून आधी चढण पायी चढलो. हात मागे बांधून! काय दिसतं त्यांना तिथे? मला दगड दिसले. माती दिसली. बुटांना चिखल लागला.

मग गाडी घातली. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा मागे घसरली. शेळ्या घेऊन एक म्हातारी चालली होती. थांबली, पूर्ण तमाशा बघितला, आणि शेळ्या हाकत पुढे गेली.

२६ सप्टेंबर, शनिवार

सासरे शिडीवरून पडले. वरच्या घरी, एकटे. मांडीचं हाड असावं – पाय हलवताच येत नाही. शेजारीण सोबत बसून आहे. परवाच्या पावसात कडा घसरून रस्ता बंद, अँब्युलन्स खालच्या पुलाशीच थांबली. रस्ता मोकळा व्हायला दोन दिवस तरी लागतील म्हणतात. बायको रडून रडून थकली.

संध्याकाळी साडू आले. मागच्या बाजूने लाकूडतोड्यांची जुनी वाट आहे, तिने जाता येईल म्हणाले. "पण मध्ये ओढा आहे. कमरेएवढं पाणी असेल. माझी गाडी बुडेल. तुमची उंच आहे, तिला तो हवेचा नळाही आहे, इंजिनात पाणी जाणार नाही."

सासरे तिथे विव्हळतायत आणि माझ्या मनात काय आलं? आली ना वेळ माझ्या गाडीची!

असा माणूस आहे मी.

२७ सप्टेंबर, रविवार

सहाला निघालो. मी चालवत होतो, साडू शेजारी. मागची सीट काढून गादी टाकली होती.

ओढा मीच पार केला. पाणी बॉनेटवर आलं तरी इंजिन खोकलंसुद्धा नाही. साडू म्हणाले, "वा!" या वेळी मनापासून म्हणाले असं वाटलं. छाती फुगली. अर्धा तास फुगलेली होती.

मग वाट कड्याला लागली. डावीकडे दरी, उजवीकडे ओली माती, वाट मधेच अर्धी वाहून गेलेली. क्लचवरचा पाय थरथरायला लागला. थांबवायचा प्रयत्न केला – थांबेना. ब्रेक ओढला आणि म्हणालो, "तुम्ही घ्या."

आजवर इतके जड शब्द तोंडातून काढले नव्हते.

ते उतरले, पुढचा पट्टा पायी चालून आले, हात पँटला पुसले, सीट पुढे ओढली – माझ्याहून बुटके आहेत – आणि निघाले. पहिला गिअर. ब्रेकला पाय नाही, उगाच रेस नाही. चाक एका दगडावर चढायचं, क्षणभर थांबायचं, दुसऱ्यावर उतरायचं. इंजिनाचा आवाजसुद्धा वेगळा! दोन वर्षांत माझी गाडी माझ्याशी अशी कधी वागली नाही. आपली बायको परक्या माणसाशी मोकळेपणी हसताना दिसावी, तसं बघत बसलो. नशीब, भीतीने त्या जळफळाटावर मात केली.

शेवटच्या वळणाला वाटेची कडच सुटली. धप्प! मागचं डावं चाक हवेत. खाली दगड गडगडत गेले, त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

साडू स्टिअरिंग धरून तसेच बसले. हळूच म्हणाले, "आता माझ्या हातात काही नाही. तुमचं ते तारेचं यंत्र काढा. मला ते येत नाही."

मला येत होतं! त्याचं पुस्तक तीनदा वाचलंय मी. सरकत सरकत मागच्या गादीवर गेलो आणि मागच्या उजव्या दाराने उतरलो. वरच्या अंगाला जाडजूड झाड होतं. बुंध्याला पट्टा घातला, तार ओढून आणली, हूक अडकवला, तारेवर घोंगडी टाकली – तुटली तर उसळू नये म्हणून. हात अजिबात थरथरत नव्हते. बारीक काम असलं की माझे हात थरथरत नाहीत. बटण दाबलं. तार ताणली, झाड कुरकुरलं. आणि गाडी बोट बोट करत वर आली. साडूंनी आतून स्टिअरिंग वळवून धरलं होतं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण जमलं.

सासरे खाटेवर, चेहरा पांढराफटक. मी आधी आत शिरलो. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "मोठे आलेत ना? मग झालं."

मी पायाला फळ्या बांधल्या. दुखण्याचं इंजेक्शन दिलं.

परतताना ओढ्यापर्यंत साडू, तिथून मी. चारच्या आत हॉस्पिटल. ऑपरेशन उद्या.

२९ सप्टेंबर, मंगळवार

ऑपरेशन काल नीट झालं. सळई घातलीय. आज बोलायला लागले – आणि काय बोलायला लागले! नर्सला, शेजारच्या पेशंटला, झाडू मारायला आलेल्या बाईला. "मोठ्या जावयाने मला मरणाच्या दारातून ओढून आणलं!"

मी म्हणालो, "विंचने ओढलं." कुणाला ऐकू गेलं नाही.

साडूंना ऐकू गेलं. लगेच म्हणाले, "अहो बाबा, गाडी यांची होती. ती नसती तर ओढ्यावरूनच परतलो असतो."

सासऱ्यांनी मान डोलावली. "गाडी चांगलीच आहे हो."

म्हणजे मी नाही. गाडी! आणि ते श्रेयसुद्धा साडूंनी मिळवून दिलं. त्यांनी गप्प बसायला काय हरकत होती? निदान एकदा तरी हलकट वागावं माणसाने. म्हणजे समोरच्याला जळायला जरा सोपं जातं.

१ ऑक्टोबर, गुरुवार

मिस्त्रीने गाडी धुतली. दारावर लांबच लांब ओरखडा. रंगवू का, विचारत होता. नको म्हणालो.

४ ऑक्टोबर, रविवार

ग्रुप खाणीवर गेला. मी गेलो नाही. साडूही गेले नाहीत म्हणे.

अकराच्या सुमारास मेहुणीचा फोन. बाबांचं सांगून झालं, मग आवाज खाली करून म्हणाल्या, "यांनी गाडी विकायला काढलीय. तुमच्या गाडीतून उतरले तेव्हापासून स्वतःच्या गाडीत बसलेले नाहीत. मी म्हटलं, अहो, सगळे तुमचं एवढं कौतुक करतात. तर म्हणाले, कौतुक कसलं? एक एक वस्तू लावून अशी गाडी करायची हौस मला काय नव्हती? पैशाचं कधी जमलंच नाही, म्हणून नुसतं चालवायला शिकलो. तुम्हाला सांगू नको म्हणालेत हो."

खोटं कशाला लिहू – आधी आनंद झाला. चांगला घसघशीत. फोन ठेवेपर्यंत टिकला.

बायको दारात उभी होती. "काय म्हणत होती ताई? हसताय काय असे?"

मी हसत नव्हतो.