कडेचं प्यादं

१२ जून

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कॉम्प्युटर पोचला. जुन्या डब्याला भंगारवाल्याच्या हवाली केलं. जिना उतरताना त्याने मनातल्या मनात मला किती शिव्या घातल्या असतील कोण जाणे. फोनवर तू नुसती हो हो म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून हे लिहून विचारतोय.

सोन्याच्या लॅपटॉपवरचा बुद्धिबळाचा प्रोग्राम तू नव्यावर घालून दिलास, तो चालतो. तुझ्या भावाची नि माझी पद्धत तुला ठाऊक आहेच. मी खेळून प्रोग्राममधली खोड शोधायची आणि त्याने रविवारी बसून ती काढायची. शेवटची खोड उंटाची राहिली. कडेचं फुकटचं प्यादं दिसलं की उंट धावत जाऊन खायचा, मी शेजारचं प्यादं सरकवलं की कोंडला जायचा. हॉस्पिटलात निघताना सोन्या म्हणाला होता, आल्यावर पहिलं तेच करतो. तो आलाच नाही, आणि त्यानंतर मी तो सापळा कधी लावला नाही. उंट पुन्हा फसलेला मला बघवला नसता.

काल धीर करून लावला. उंट फसला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. हॉस्पिटलात लॅपटॉप त्याच्या उशाशीच असायचा. ताई, तिथे पडल्यापडल्या त्याने ती खोड काढली होती का? बघून कळव.

तुझा,
बाबा

१९ जून

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण हो असं लिहून दोन कागद फाडले. तुमच्याशी खोटं बोलायला मला कधीच जमलेलं नाही.

प्रोग्राम मी ओळ न् ओळ वाचला. उंटाबद्दल त्यात काही नाही, आणि हॉस्पिटलात गेल्यावर सोन्याने त्याला हातही लावलेला नाही. जुन्या डब्याला थोड्याच चाली पुढचं दिसायचं, म्हणून सोन्या एकेक शहाणपण हाताने लिहून त्याला शिकवायचा. नवा कॉम्प्युटर तेवढ्याच वेळात खूप पुढचं बघतो. उंट कोंडला जाणार हे त्याला कुणी न शिकवताच दिसतं. आमच्या ऑफिसात हेच चालतं बाबा. चिप वेगवान झाली की हाताने लिहिलेले नियम आम्ही काढून टाकतो. मी स्वतः किती काढले असतील. त्या प्रत्येकापायी कुणाचा तरी रविवार गेला असेल, हे तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले.

गोळ्या वेळेवर घ्या. आईला नमस्कार. माझ्यावर रागावू नका.

तुमची,
ताई

२७ जून

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

राग कसला. तू खरं लिहिलंस, बरं केलंस. त्या दिवशी जेवण मात्र गेलं नाही. चिपच्या वेगाचं तू लिहितेस ते पटलं, पण आठवडाभर मी माझ्या पोराची पाठ थोपटत होतो, ती कुणाची होती म्हणायची?

आता एक पंचाईत सांगतो. उंट फसला नाही त्याच दिवशी मी आईला सगळं सांगून बसलो होतो. बुद्धिबळातलं तिला ओ की ठो कळत नाही, पण सोन्याने आजारपणातही माझं काम पुरं केलं, एवढं तिला कळलं. त्याच्या खोलीची खिडकी तिने उघडली, चादरी धुतल्या. रात्री झोपही लागायला लागली आहे. आता रोज संध्याकाळी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसते आणि विचारते, आणखी काय काय दुरुस्त करून गेलाय तो. मी एखादी चाल दाखवतो आणि म्हणतो, हे बघ, हेसुद्धा त्यानेच केलंय.

पुढच्या महिन्यात तू येशील तेव्हा ती तुलाही विचारेल. तुझा शब्द ती माझ्यापेक्षा खरा मानते. ताई, तेवढं एकदा हो म्हण.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा